सव्वा तास

देवगाव फाट्यावर माझं छोटं दुकान आहे. जालन्याहून मंठ्यावरून येणारा रस्ता इथं फुटतो. समोर गेलात तर चारठाणा, जिंतूर, औंढा नागनाथ, वसमत आणि शेवटी नांदेड. उजवीकडं वळलात तर सेलू, पाथरी, पुढं परळी. दुकानाच्या पाटीवर तिकीट बुकिंग, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म असं बरंच लिहिलेलं आहे, पण पाटीचा एक कोपरा अजून पिवळाच आहे. तिथं पूर्वी एसटीडी-पीसीओ लिहिलेलं होतं. रंग मारताना तेवढा कोपरा मी दर वेळी सोडून देतो.

अंतराचा आणि वेळेचा हिशेब मी त्या पिवळ्या पाटीखाली शिकलो. तेव्हा बाहेरगावच्या फोनचा दर अंतरावर असायचा आणि ते अंतर रस्त्याचं नसायचं. इथलं एक्स्चेंज आणि तिकडचं एक्स्चेंज यांच्यात नकाशावर दोरी ताणली तर जेवढं भरेल तेवढं. त्या अंतराचे टप्पे पाडलेले होते. टप्पा लांबचा असला की मीटर भराभर पडायचा. लोक लाल आकड्यांकडं बघत बोलायचे, "सगळे बरे आहेत, बैल विकला, ठेवतो." रात्री उशिरा दर पाव व्हायचा, म्हणून जेवणं उरकून बाया-माणसं बाकावर येऊन बसायची. आपल्या गावापासून मुंबई दोन तऱ्हेनं लांब आहे, एक रस्त्यानं आणि एक दोरीनं, हे मला विमानाच्या कितीतरी आधी कळलं होतं. कळलं होतं, पण ज्या सकाळी त्याची गरज पडली त्या सकाळी ते मला आठवलं नाही.

मोबाइल आले, बूथ संपला. मी कॉम्प्युटर घेतला, रेल्वेची तिकिटं काढू लागलो. सेलू स्टेशन आमचं. रात्री देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसलं की सकाळी मुंबई, हे इथल्या लोकांच्या अंगवळणी पडलेलं. विमान म्हणजे आभाळातली पांढरी रेघ, एवढीच ओळख होती. मग २७ एप्रिल २०१७ ला पंतप्रधानांनी शिमल्यात 'उडान' योजनेच्या पहिल्या विमानांना झेंडा दाखवला. शिमला–दिल्ली, कडप्पा–हैदराबाद आणि तिसरं आपलं नांदेड–हैदराबाद. देशातल्या पहिल्या तीन मार्गांत नांदेडचं नाव ऐकून फाट्यावरच्या हॉटेलात लोक उठून टीव्हीजवळ गेले होते. तासाभराच्या उड्डाणाला ठरावीक जागांचं भाडं २,५०० रुपयांच्या आत, हे तर सगळ्यांच्या तोंडी झालं. त्याच वर्षी पुढं नांदेडहून मुंबईचंही विमान सुरू झालं आणि माझ्या काउंटरवर एक नवा प्रश्न येऊ लागला.

"मुंबईला किती येळ लागंल?"

आमच्याकडं भाड्याच्या आधी वेळ विचारतात. मी स्क्रीनवर बघायचो आणि सांगायचो, "सव्वा तास." ऐकणाऱ्याचा चेहरा उजळायचा. बिनआरक्षणाच्या डब्यात दाराशी बसून रात्री काढलेली माणसं ती. सव्वा तास म्हणजे फाट्यावरून एसटीनं जालन्यालाही पोचणं मुश्कील. मला ते दोन शब्द उच्चारायला आवडायचे. जणू ते विमान मीच सोडत होतो.

फेब्रुवारी २०१८. सकाळी सहाला शटर अर्धं उचललं होतं, तेवढ्यात जवळच्या वस्तीवरचा एक पोरगा धावत आला. त्याचे चुलते रात्री अकराच्या सुमारास गेले होते. थोरला मुलगा भिवंडीला, गोदामात हमाली करतो. त्याला रात्रीच कळवलं होतं. पोरगा म्हणाला, "काका, इमानानं किती येळ लागतो? लौकर सांगा, तो फोनवर हाय."

मी बघितलं. मुंबईहून नांदेडला दुपारचं विमान होतं, जागा होती. मी म्हणालो, "सव्वा तास."

माझ्या देखत तो फोनवर बोलला, "दादा, सव्वा तासात येतंय म्हणं इमान. तसाच ये." पलीकडून काय उत्तर आलं ते मला तेव्हा ऐकू आलं नाही. नंतर कळलं, की मित्राची गाडी त्याच्या चाळीखाली उभी होती, डिझेल भरलेलं होतं, तो निघतच होता. माझा आकडा ऐकून त्यानं गाडी परत पाठवली.

पुढचं सांगायला जड जातं. दुपारी विमान सुटलं, चारच्या आसपास नांदेडला उतरलं. तिथून वसमत, औंढा, जिंतूर करत फाट्यावर यायला तीन तास. फेब्रुवारीत दिवस सव्वासहा-साडेसहाला बुडतो. दिवसाउजेडी अग्नी द्यायचा ही आमच्याकडची रीत. जुन्या माणसांनी दोनदा वेळ वाढवली, "सव्वा तासाचं विमान आहे, येईलच" म्हणून तिरडीजवळ सगळे बसून राहिले, आणि सूर्य टेकला तेव्हा धाकट्यानं पाणी दिलं. थोरला आला तेव्हा सात वाजून गेले होते. सकाळी मित्राच्या गाडीनं निघाला असता तर चारपर्यंत बापाच्या पायाशी असता.

राख सावडून झाल्यावर तिसऱ्या दिवशी तो कागदांच्या झेरॉक्स काढायला दुकानात आला. मला तोंड वर करवेना. त्यानं पैसे काउंटरवर ठेवले आणि एवढंच बोलला, "काका, विमान वेळेवरच होतं."

खरंच वेळेवर होतं. कंपनीनं जे सांगितलं ते तंतोतंत पाळलं होतं. मी सांगितलेला आकडाही खोटा नव्हता. तो मुंबईच्या विमानतळाचा आणि नांदेडच्या विमानतळाचा आकडा होता. भिवंडीतल्या चाळीचा आणि देवगाव फाट्यावरच्या वस्तीचा नव्हता. मला कुणी विमानतळांमधली वेळ विचारलीच नव्हती. मुलगा बापापाशी कधी पोचेल, हे विचारलं होतं.

त्यानंतर मी हा विषय शिकायला बसलो. वेळापत्रकात दिसणारी वेळ म्हणजे नेमकं काय, इथपासून सुरुवात केली. मुंबईच्या विमानतळावर सामान चढवण्याच्या कामाला असलेला आमच्याच तालुक्यातला एक मुलगा दिवाळीला आला होता, त्यानं फार सोपं करून सांगितलं. बैलगाडी उतारावर उभी केली की आपण चाकाखाली दगड लावतो. विमानालाही तसे ठोकळे लावतात. इकडचे ठोकळे काढल्यापासून तिकडचे लावेपर्यंत जो वेळ, तो तिकिटावरचा वेळ. म्हणजे त्या सव्वा तासातही विमान सगळा वेळ हवेत नसतं. मागं ढकलणं, धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, उतरल्यावर पुन्हा जागेवर जाणं, हे सगळं त्यात धरलेलं असतं. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरात असते. गर्दीच्या वेळी विमान वर घिरट्या घालत राहतं. कंपन्यांना हे ठाऊक असतं, म्हणून त्या वेळापत्रकात थोडा सैल हात ठेवतात.

अंतराचंही तसंच. नांदेड ते मुंबई विमानतळ सरळ दोरीनं ४६८ किलोमीटरच्या आसपास भरतं. रेल्वेनं तेच ६१० च्या घरात जातं, कारण गाडी परभणी, जालना, मनमाड असा वरून वळसा घेते. पंख्याचं एटीआर विमान ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास जातं, जेट आठशेपर्यंत. वेग दीडपटीहून जास्त, मग वेळही तेवढा कमी व्हायला हवा. पण या अंतरात वाचतात जेमतेम पंधरा-वीस मिनिटं. वर चढायला आणि खाली उतरायला जो वेळ लागतो तो दोघांनाही लागतो, जमिनीवरचं रांगणं दोघांनाही चुकत नाही. अंतर जेवढं कमी, तेवढा विमानाचा वेग वाया जातो. हिवाळ्यात वरच्या थरात वारा पश्चिमेकडून वाहतो, म्हणून मुंबईहून घरी येताना विमान थोडं लवकर पोचतं आणि जाताना थोडं रेंगाळतं. हे मला आधी खरंच वाटलं नव्हतं. मग लागोपाठ काही महिने तिकिटं ताडून बघितली.

पण माझ्या उपयोगाचं शिक्षण विमानाबाहेरच्या वेळेचं होतं आणि ते मला कुठल्याच स्क्रीनवर मिळालं नसतं. त्यासाठी मी एक वही घातली. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची. माझ्याकडून विमानाचं तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला मी एकच विनंती करतो, की दारात पोचलात की एक फोन करा. बूथवर फोन करायला येणारी माणसंच आज मला फोन करतात. वहीत फाट्यावरून निघाल्याची वेळ, विमानतळाच्या दारात पोचल्याची वेळ, उतरल्याची वेळ आणि शेवटी ज्या दारात जायचं होतं त्या दारात पाऊल ठेवल्याची वेळ, एवढंच लिहितो. भाडं लिहीत नाही.

आता दुसरी वही सुरू आहे. तिच्यावरून सांगतो.

देवगाव फाटा दोन विमानतळांच्या जवळपास मध्यावर आहे. एकीकडं संभाजीनगरचं चिकलठाणा, दुसरीकडं नांदेडचं श्री गुरू गोबिंदसिंगजी विमानतळ. दोन्हीकडं सव्वाशे ते दीडशे किलोमीटर आणि दोन्हीकडं साधारण तीन तास. 'साधारण' या शब्दात मात्र पुष्कळ काही दडलेलं आहे. महाशिवरात्रीला औंढ्याला गर्दी असते, तेव्हा नांदेडचे तीन तास साडेचार होतात. शेगावची पालखी औंढ्याच्या वाटेवर असली की गाडीवाला आपणहून खाली उतरून हात जोडून उभा राहतो. त्याला घाई करायला सांगण्याची माझी तरी हिंमत नाही, म्हणून मीच तासभर आधी निघायला सांगतो. कापसाच्या आणि उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रीही रस्त्यावर असतात, अनेकींना मागचा दिवा नसतो. जालन्याच्या अलीकडं धुकं पडलं की वेग निम्म्यावर येतो. विमान कंपन्यांचा काउंटर बहुतेक ठिकाणी सुटण्याच्या एक तास आधी बंद होतो, म्हणजे आमच्या माणसानं विमानाच्या निदान पाच तास आधी घर सोडायला हवं. सव्वा तासाच्या आधीचे पाच तास.

उतरल्यावरही सगळं संपत नाही. सामान येईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं. मुंबईत विमानतळाहून भिवंडी, कल्याण, वाशी, जिथं आमची माणसं राहतात, तिथं जायला आणखी तास-दीड तास. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही विमानं सुरू झाली, तेव्हापासून मी आधी विचारतो, मुंबईत नेमकं कुठं? पनवेलच्या माणसाला अंधेरीला उतरवलं तर वाचवलेला वेळ पुलावरच जातो.

ही सगळी बेरीज केली तर फाट्यावरून मुंबईतलं घर विमानानं सात ते साडेआठ तासांवर आहे. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला इगतपुरीच्या पुढं आमण्यापर्यंत खुला झाला आणि तो सगळा ७०१ किलोमीटरचा झाला. तेव्हापासून चांगली गाडी आणि चांगला ड्रायव्हर असला तर जालन्यावरून सात-आठ तासांत माणूस मुंबईत शिरतो. म्हणजे बरोबरी. रात्रीच्या रेल्वेला अकरा-बारा तास लागतात, पण त्यातले सात तास झोपेत जातात आणि सकाळ मोकळी मिळते. मुंबईला जाणाऱ्याला मी हे तिन्ही हिशेब सांगतो. विमानाचं तिकीट काढून मला जास्त पैसे मिळतात, तरी सांगतो.

लोकांना सगळ्यात नवल वाटतं ते नांदेड आणि चिकलठाणा या दोघांमधल्या विमानाचं. अधूनमधून कुणीतरी विचारतं, बहुतेक वेळा बाहेरगावचा मोठा माणूस, ज्याचं सकाळी संभाजीनगरला आणि दुपारी नांदेडला काम असतं. या दोन धावपट्ट्यांमध्ये सरळ दोरी ताणली तर २१५ किलोमीटरच्या आसपास भरते. मी शाळेतल्या नकाशावर दोरा ताणून बघितला होता. तो आमच्या सेलू तालुक्यावरूनच जातो. नेटवर विचारलं तर अंतर मिळतं, पाऊण तासाची वेळही मिळते. पण थेट विमानाचं तिकीट मी आजवर एकदाही काढलेलं नाही. विमानानंच जायचा हट्ट असेल तर हैदराबादवरून जावं लागतं. नांदेड ते हैदराबाद सुमारे २४७ किलोमीटर आणि हैदराबाद ते चिकलठाणा सुमारे ४३३. म्हणजे २१५ साठी ६८० किलोमीटर उडायचं, मध्ये हैदराबादला चार-पाच तास बसायचं, आणि त्याच वेळात एसटी माझ्या दुकानासमोरून जाऊन नांदेडला पोचलेली असते. नेटवरची पाऊण तासाची वेळ चुकीची नाही. गणितानं ती बरोबरच आहे. फक्त त्या वेळेत उडणारं विमान नाही. असा आकडा बघितला की मला ती सकाळ आठवते. त्या दिवशी मीही असाच एक बरोबर आकडा सांगितला होता.

चिकलठाण्याला माणसं पाठवताना म्हातारे लोक हमखास १९९३ सालची आठवण काढतात. २६ एप्रिलची दुपार. मुंबईला निघालेलं विमान धावपट्टीवरून उशिरा उचललं गेलं आणि कुंपणाबाहेरच्या बीड रस्त्यावरून चाललेल्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला त्याचं चाक धडकलं. ११८ जणांपैकी ५५ गेले. आमच्या भागात कापूस घरोघरी. कापसाचा ट्रक म्हटल्यावर कुणाच्या गावचा, कुणाच्या जिनिंगचा, म्हणून बूथवर त्या रात्री फोन थांबले नव्हते. आज धावपट्टी लांब झाली आहे, नवी इमारत झाली आहे. तरी एखादी आजी विचारते, "आता तिथं रस्ता न्हाई ना रं मधी?" मी तिला नीट सगळं समजावून सांगतो. तिला ते कळणं हा तिच्या प्रवासाचाच भाग आहे असं मला वाटतं.

विमान आमच्या उपयोगाचंच नाही, असा अर्थ कुणी काढू नये. अंतर वाढलं की तेच विमान देवासारखं धावून येतं. नांदेडची विमानं मध्यंतरी बंद पडली होती. २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि त्यात बेंगळुरू, दिल्लीजवळचं हिंडन आणि पंजाबातलं आदमपूर अशी नावं आली. गुरुद्वाऱ्यामुळं नांदेडचं पंजाबशी जुनं नातं, त्याचा लाभ आमच्या पोरांना झाला. आमच्या पट्ट्यातली कितीतरी पोरं फौजेत आहेत, पंजाबात आणि त्याच्याही पुढं. सचखंड एक्स्प्रेसनं तिकडून यायचं म्हणजे गाडीतच तीस तासांच्या आसपास, वर स्टेशनपर्यंतची आणि स्टेशनपासूनची वाट. एका जवानाची नोंद माझ्या वहीत आहे. त्याला मुलगी झाली होती आणि रजा मोजून दहा दिवसांची मिळाली होती. आदमपूर, हिंडन, नांदेड, मग जीप. छावणीचं फाटक सोडल्यापासून उंबऱ्यात पाऊल टाकेपर्यंत तेरा तास वीस मिनिटं. रेल्वेनं येतानाची त्याचीच आधीची वेळ अडतीस तास होती. जाता-येताचा धरून दोन दिवस त्याला लेकरापाशी जास्त मिळाले. हिंडन ते नांदेड १,०६० किलोमीटरच्या आसपास आहे, तिथं आमचे जमिनीवरचे पाच-सहा तास पोटात घालूनही विमान पुरून उरतं. मी लोकांना आता सरळ सांगतो, हजार किलोमीटरच्या पुढं डोळे झाकून विमान. पाचशेच्या आत आधी माझ्यासमोर बसून चहा घ्या, मग ठरवू.

आणि तिकिटाच्या कागदाच्या मागं मी हातानं लिहून देतो. छापील बाजूला जे असतं ते विमान कंपनीचं. पाठीमागं आमचं: उठायचं कधी, गाडी फाट्यावर किती वाजता उभी राहील, चहाला कुठं थांबायचं आणि किती मिनिटं, आत जाताना हातात काय ठेवायचं. सामानात सुकं खोबरं घालू नका, हे ठळक अक्षरात. तेल असतं म्हणून ते चालत नाही. लेकीच्या डोहाळजेवणासाठी निघालेल्या एका बाईची खोबऱ्याच्या वाट्यांची पिशवी विमानतळावर काढून ठेवावी लागली होती. ती फोनवर रडली होती, ते माझ्या कानात आहे. सगळ्यात खाली मी एकच वेळ लिहितो आणि तिच्याभोवती गोल काढतो. ती दारात पोचण्याची वेळ. ड्रायव्हरला, घरच्यांना, तिकडं वाट बघणाऱ्याला, सगळ्यांना तीच सांगायची. मधल्या सव्वा तासाचा मी उल्लेखही करत नाही.

जालना ते नांदेड असा समृद्धीला जोडणारा सुमारे १८० किलोमीटरचा रस्ता आखलेला आहे. तो झाला की माझ्या वहीतले आकडे बदलतील, दोन्ही विमानतळं जवळ येतील. त्या दिवसाची मी वाट बघतो आहे. जुन्या वहीवर तेव्हा तारीख टाकून नवी घालायची.

गेल्या महिन्यात भिवंडीहून फोन आला. तोच थोरला. आता तो गोदामात सुपरवायझर आहे, तिथंच दोन खोल्या घेतल्या आहेत. म्हणाला, "काका, आईला इकडं आणायचंय. विमानाचं तिकीट काढा."

मी त्याला सगळं सांगितलं. देवगिरीनं आण, खालचा बर्थ मिळवून देतो, झोपून येतील, वेळ जवळपास तेवढाच. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "वेळ वाचवायचा नाही, काका. तिला एकदा बसवायचंय."

त्याच्यापुढं हिशेब नसतो. सकाळच्या विमानाचं चिकलठाणा–मुंबई तिकीट काढलं. कागद घेऊन मीच वस्तीवर गेलो, कारण त्या घरी पाऊल टाकून मला आठ वर्षं झाली होती. मावशी ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या. मी मागची बाजू त्यांना वाचून दाखवली, दोनदा. पहाटे पावणेतीनला गाडी दारात. बदनापूरच्या अलीकडं दहा मिनिटं चहा. आत व्हीलचेअर सांगून ठेवली आहे, लाजायचं नाही. पोरगा बाहेर उभा असेल. त्याच्या घरी अकरा. त्यांनी सुपातले हात थांबवले नाहीत, पण सगळं ऐकलं. शेवटी विचारलं, "अकरा म्हंजी घरात ना?"

"घरात, मावशी. उंबऱ्याच्या आत."

त्या रात्री मी झोपलो नाही. पावणेतीनला गाडी गेली की नाही ते फाट्यावर उभं राहून बघितलं. मंठ्याच्या बाजूला लाल दिवे दिसेनासे झाले तेव्हा घरी परतलो. सकाळी दुकान उघडलं, वही काढून ठेवली आणि फॉर्म भरायला आलेल्या पोरांची कामं करत राहिलो. दहा झाले, साडेदहा झाले. अकरा वाजून गेले तसा मी उठून दारात आलो. मग फोन वाजला.

"पोचले रे भाऊ."

"कुठं आहात, मावशी?"

"घरात. सुनेनं पाणी दिलं."

मी विचारलं, विमान कसं वाटलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मागं नातवंडांचा गलका ऐकू येत होता.

"कव्हा वर गेलं न् कव्हा खाली आलं, काई कळलं न्हाई. येळ सगळा गाडीतच गेला."

मी शेवटच्या रकान्यात ११.१० लिहिलं.